तार कोणी बांधली

आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात टंकलेखिका होती, आणि त्या एकतीस वर्षांत तिने टंकलेल्या कागदांत माणूस नव्हता. चादरी होत्या, उश्यांचे अभ्रे होते, साबणाचे डबे होते. चादरी फाटल्याचे आढळून येई. पाणी कमी दाबाने आल्याचे निदर्शनास येई. कामगारांना कळविण्यात येई. कळवणारा कोण, हे कागदावर येऊ द्यायचं नाही अशी तिथली रीत होती, आणि आत्या त्या रितीत तरबेज होती. साहेब तोंडाने म्हणत, "त्या गाढवांना सांगा, उद्यापासून सातला या." आत्याच्या यंत्रातून कागद निघे: 'सर्व संबंधितांनी सकाळी सात वाजता उपस्थित राहावे, असे ठरविण्यात आले आहे.' गाढवंही गायब, साहेबही गायब.

घरीही ती तशीच बोले.

"दूध उतू गेल्याचं आढळून आलं आहे," स्वयंपाकघरातून आवाज येई.

माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पेपरातून डोकं न काढता विचारत, "ताई, गॅसपाशी कोण उभं होतं, तेही आढळलं का?"

"चौकशी करण्यात येईल," आत्या म्हणे आणि फडकं घेऊन ओटा पुसायला लागे. आम्ही मुलं तिला 'कळविण्यात आत्या' म्हणायचो. तिला ते आवडायचं.

मग थोरलीची बोटं गेली.

थोरली म्हणजे धुलाईघरातल्या मोठ्या इस्त्रीवरची बाई. तिची धाकटी बहीण शेजारीच घड्या घालायला होती, म्हणून ही थोरली. ओलसर चादर दोन्ही हातांनी ताणायची आणि दोन तापलेल्या रुळांच्या मधे सरकवायची, हे तिचं काम. रुळांच्या तोंडाशी एक आडवा दांडा होता. त्याला हात लागला की यंत्र जागच्या जागी थांबे. पण चादरीची दुमड लागली तरी थांबे, आणि असं दिवसातून वीसदा व्हायचं. सहा महिन्यांपूर्वी तो दांडा तारेने वर बांधून टाकला होता. एका मंगळवारी दुपारी चादरीबरोबर थोरलीचा उजवा हात आत गेला. तीन बोटं.

गुरुवारी साहेबांनी अहवाल सांगायला घेतला. आत्या समोर लघुलिपीची वही घेऊन बसली होती. 'सुरक्षा दांडा बांधलेल्या स्थितीत आढळून आला. कामगाराने निष्काळजीपणा केला. सबब तिची सेवा समाप्त करण्यात यावी.'

आत्याची पेन्सिल थांबली. "बांधला कोणी?"

"तुम्ही लिहा हो बाई."

"बांधलेला आढळला म्हणजे आधी कोणीतरी बांधला असेल ना."

"ते आपण शोधत बसायचं नाही. सोमवारी चौकशी समितीपुढे कागद गेला पाहिजे."

त्या वाक्यांची मला अजून चीड येते. दांडा आढळून आला, सेवा समाप्त करण्यात यावी. सगळ्या गोष्टी आपोआप घडणाऱ्या, चूक तेवढी माणसाने केलेली. अख्ख्या पानावर एकच माणूस होता आणि तो हाताला पट्टी बांधून रुग्णालयात पडला होता.

आत्या घरी आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून स्टुलावर चढली. माळ्यावर तिच्या भरलेल्या वह्या होत्या. कचेरीत त्या रद्दीत जात; ती घरी आणायची. टंकताना ती माणूस काढून टाकत असेल, पण वहीत तिची शिस्त वेगळी होती. प्रत्येक मजकुराखाली कोणी सांगितलं, कधी, किती वाजता, हे ती लिहायची. लघुलिपीच्या पहिल्या बाईंनी तसं शिकवलं होतं, हाताला वळण पडलं ते पडलं. तासाभराने तिला पान सापडलं. 'तो दांडा बांधून टाकायला सांगा. मला दिवसाला नऊशे चादरी हव्यात. – साहेब, पावणेअकरा.' आणि यावरून तिने टंकलेली चिठ्ठी तिला तोंडपाठ होती: 'कामात व्यत्यय येऊ नये म्हणून दांडा बांधून ठेवण्यात यावा.' खाली सही नाही. अशा चिठ्ठ्यांवर सही नसायचीच.

"साहेबांना कागदावरून मी पुसलं," ती वडिलांना म्हणाली. "माझ्या या बोटांनी. दोन्हीकडे समास सोडून, नीटनेटकं."

"अगं, कचेरीची भाषाच तशी असते. तू काय करणार? आणि निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुझे."

"उजाडतं," आत्या म्हणाली. "सांजावतं. गडगडतं. त्याला कर्ता नसतो, शाळेत शिकलास ना? तिथे कोणाला जाब विचारणार? पण तार काय सांजावल्यासारखी बांधली जाते? दांड्यावर उगवली ती?"

आत्याने त्या रात्रीचं जेवण टाकलं नाही, उलट एक पोळी जास्त खाल्ली. ती चिडली की खायची.

शनिवारी तिने अहवाल टंकला, पण तिचा. 'दांडा बांधा, असे साहेबांनी मला सांगितले. मी चिठ्ठी टंकली. मिस्त्रीने ती वाचून तार बांधली. थोरलीने काहीही बांधले नाही.' सोमवारी तो कागद आणि वही घेऊन ती समितीपुढे उभी राहिली. समितीत तिघे जण. त्यांतल्या एकाने कागद दोनदा वाचला.

"बाई, असं लिहीत नाहीत."

"माहीत आहे. इतकी वर्षं मीच लिहीत नव्हते."

लघुलिपी तिघांनाही येत नव्हती, म्हणून तिने पान मोठ्याने वाचून दाखवलं. साहेब तिथेच बसले होते. वाचून झाल्यावर समितीने त्यांना विचारलं, असं म्हणालात का? साहेब खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत राहिले. नाही, असं त्यांना म्हणता आलं नाही.

थोरली कामावर राहिली. दारापाशी बसून ती आता धुतलेले गठ्ठे मोजून बाहेर सोडते, डाव्या हाताने खुणा करत. दांड्याची तार काढली. साहेबांना काहीही झालं नाही.

आत्याला तीन आठवड्यांनी पत्र मिळालं. 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' खाली शिक्का, सही नाही. ती पत्र घेऊन साहेबांच्या खोलीत गेली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"कोण समाप्त करतंय?"

"वरून आलंय बाई."

"वरून पाऊस येतो."

"हे बघा, माझ्या हातात काही नाही."

"मग मी बसते."

ती बसली. साहेबांनी फोन केले, फायली चाळल्या, डबा खाल्ला. ती त्यांच्याकडे बघत बसली. दोनदा लोक आत डोकावून परत गेले. शेवटी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

"मी काढतोय तुम्हाला. मी. झालं समाधान?"

आत्याने पर्समधून वही काढली, तेवढं वाक्य उतरवलं, खाली 'साहेब, तीन पस्तीस' असं लिहिलं आणि उठली.

घरी दार वडिलांनीच उघडलं. तिच्या हातातली कचेरीतल्या सामानाची पिशवी बघून त्यांना कळायचं ते कळलं.

"गेली का गं नोकरी?"

"गेली नाही," आत्या चपला काढत म्हणाली. "साहेबांनी काढली."