तवाबेचचा कोसो
आमच्या गोंदरच्या डोंगरात कच्चं मांस न खाणारा माणूस म्हणजे एकतर आजारी, नाहीतर चिक्कू. बैल कापला की ऊनऊन तुकडा लाल तिखटात बुडवायचा आणि तोंडात टाकायचा. मग पोटात चपटे जंत होणारच की! दर दोन महिन्यांनी कोसोच्या झाडाची लाल फुलं वाटून प्यायची, जंत पडून जातो. ती वाटावीत गावातल्या तवाबेच म्हातारीनंच. तिच्या हाताला यश होतं.

बाई जिभेनं फटकळ. पण सून मुलूवर्क येऊन सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून चर्चच्या दारात बसून ढसाढसा रडायची.

त्या सकाळी घरातले सगळे उपाशीपोटी कोसो प्यायला बसले. मुलूवर्क वाडगा धरून नुसतीच बसली.

"काय गं, मांस खाताना बरं गोड लागलं!"

"आज नको, आत्याबाई."

"नको कशाला? चार दिवस मळमळतंय तुला, मला दिसत नाही होय? जंत माजलाय. पी मुकाट्यानं."

मुलूवर्कचा नवरा हसला. दिवस राहिलेल्या बाईनं कोसो पिऊ नये, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण पोट दिसेपर्यंत कुणाला सांगायचंही नाही, नवऱ्यालासुद्धा, दृष्ट लागते. आणि मुलूवर्कला तर अजून स्वतःलाच खात्री नव्हती. सहा वर्षं वांझ म्हणवलेली, बातमी खोटी ठरली तर गाव काय हसलं असतं! तिनं डोळे मिटून वाडगा रिकामा केला.

दुपारी जंत पडला. तिन्हीसांजेला रक्त जायला लागलं, आणि तवाबेचला कुणी सांगावं लागलं नाही.

"अगं, एक शब्द बोलायचा होतास गं!" तिनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलं. मुलूवर्क भिंतीकडं तोंड करून पडली होती.

यापुढं वाटणार नाही, असं तवाबेच म्हणाली. पण लोक कसले ऐकतात! "तुझ्यावाचून कोण देणार?" म्हणत दाराशी बसूनच राहिले. मेल्यांना आपल्या पोटाची काळजी.

पुन्हा कोसोचा दिवस आला. तवाबेच वाडगे भरत होती, सुनेची नजर चुकवत. मुलूवर्क आपणहून पुढं येऊन बसली.

"तुला नको गं पोरी."

"घाला, आत्याबाई. आता नुसता जंतच आहे."