कोयनानगरहून आणलेली गाडी

आम्हा दोघा भावंडांत गाडी चांगली चालवायची ती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात ही गोष्ट सगळे विसरले, तीसुद्धा.

आमचे वडील, आबा, फौजेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी आम्हाला एकाच उन्हाळ्यात मोटारसायकल शिकवली. आमचं गाव कराडजवळ. साखर कारखान्याचा हंगाम संपला की तिथला रस्ता मोकळा असायचा. मी क्लच सोडताना दर वेळी गाडी बंद पाडायचो. माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली माझी बहीण पहिल्याच दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये गेली. आबा बांधावरनं ओरडले, "आगं हळू!" पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पुढं गल्लीतल्या निम्म्या पोरींना स्कूटर तिनंच शिकवली.

ती कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी सांगलीत विश्रामबागेत एका ऑफिसात चिकटलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापूरच्या बाजूला मोटारसायकल शर्यतीच्या एका छोट्या ट्रॅकवर नवशिक्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. सूट आणि हेल्मेट तिथं भाड्यानं मिळत होतं, गाडी मात्र स्वतःची न्यायची होती. तिनं दोन वर्षं शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते. थोडे मी घालणार होतो. शिबिर झालं की गाडी माझ्याकडं सांगलीत राहणार आणि तिला ट्रॅकवर जायचं असेल तेव्हा तिची, असं ठरलं.

गाडी कोणती घ्यायची हे विचारायला आम्ही चाचांकडं गेलो. चाचांचं गॅरेज माझ्या खोलीपासून चालत पाच मिनिटांवर होतं. तरुणपणी ते मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचे. त्यांनी तिला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "पोरी, जिंकायला चाललीस का शिकायला?"

"शिकायला, चाचा."

"मग लहान घे. दीडशे सीसी बास. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, पडली तर एकटीनं उचलता आली पाहिजे. आन् पार्ट कुठंबी मिळाला पाहिजे. तू पडणारच हायस. पडायला परवडंल अशी गाडी बघ."

तिला ते पटलं. कराडमध्ये एका शिक्षकांची तशी एक गाडी तिनं बघूनही ठेवली होती. टाकीला पोचा होता, रंग विटलेला होता, पण इंजिन घड्याळासारखं चालायचं. ती त्या गाडीवर बसली तेव्हा तिचे दोन्ही पाय सपाट टेकले होते.

मला ती गाडी आवडली नाही. खरं कारण एवढंच की ऑफिसात ती घेऊन जायची मला लाज वाटत होती. मी मोबाईलवर जाहिराती बघत राहिलो आणि कोयनानगरची एक गाडी सापडली. मोठं इंजिन, पुढून पूर्ण झाकलेली, लालभडक. किंमत जवळपास त्या जुन्या गाडीएवढीच. एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न मी मनात आला तसा बाजूला सारला.

"उंच हाय रे दादा ती," ती म्हणाली.

"सवय हुईल. आन् दोन वर्षांनी परत मोठी घ्यायचीच हाय की."

तिनं जाहिरातीतला फोटो परत एकदा बघितला. मग म्हणाली, "बघून तर ये. पण चाचांनी सांगितलंय तसं सगळं बघ."

रविवार होता, सोमवारी तिची प्रॅक्टिकल होती, म्हणून मी एकटाच गेलो. गाडीचा मालक भला माणूस वाटला. त्यानं चावी दिली. धरणाच्या बाजूनं घाटरस्त्यावर मी गाडी नेली आणि पहिल्या दोन वळणांतच ती माझी झाली. परत आलो तेव्हा मला फक्त एक नाटक उरकायचं होतं, गाडी तपासण्याचं.

हँडल पूर्ण वळवलं की ज्या लोखंडी गाठीला ते टेकतं, तिला चाचा स्टॉपर म्हणायचे. ती गाठ चेपलेली किंवा तुटलेली असेल तर गाडीनं समोरून जबर मार खाल्लाय, मग बाकी काही न बघता परत फिरायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मी हँडल डावीकडं वळवलं. गाठ अर्धी तुटलेली होती आणि तिच्यावर नवा काळा रंग मारलेला होता. मी बोट फिरवून बघितलं. मग हँडल सरळ केलं.

रेंज मिळावी म्हणून थोडा चढ चढून तिला फोन लावला. तिनं एकेक विचारलं. टायर, चेन, पुढच्या पाईपमधनं तेल गळतंय का. मी खरं तेच सांगत गेलो.

"आन् स्टॉपर?"

"ठीक हाय."

"नक्की?"

"व्हय गं. बघितलं मी."

"मग घेऊन टाक," ती म्हणाली. तिचा आवाज इतका आनंदला होता की मला वाटलं, आता सगळं नीटच होणार.

चाचांना गाडी दाखवूया असं ती दोनदा म्हणाली. एकदा मी ते गावाला गेलेत म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा वेळ नाही म्हणालो.

शिबिराचा पहिला दिवस चांगला गेला. थांबताना तिच्या चवड्याचं टोकच जमिनीला लागायचं, पण एकदा सुटली की वळणातनं जायची नेमकी ओळ तिच्यासारखी कुणी पकडत नव्हतं. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्या मागून जा, ही नजर कुठं टाकते बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी लांब सरळ रस्ता संपवून ती उजव्या वळणावर आली. मी कठड्याशी उभा होतो. ब्रेक लागला तसं हँडल थरथरायला लागलं, जोरात, दोन्ही बाजूंना. मग गाडी एकीकडं आणि ती एकीकडं.

डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सांगलीत ऑपरेशन होऊन त्यात स्टीलची पट्टी बसली. हात वाचला, पण मूठ पूर्ण वळेना. थंडीत तर चहाचा कपही तिला दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

गाडी टेम्पोतनं चाचांकडं आणली. त्यांनी झाकण उतरवलं, हँडल वळवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हे तुला दिसलं न्हवतं?"

"न्हाई चाचा."

ते बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिले. "ह्यानंच पडली आसं मी म्हणणार न्हाई," ते म्हणाले. "सांगता येत न्हाई. पन ही गाडी तिला द्यायची न्हवती." त्यानंतर मी त्या रस्त्यानं जायचं सोडलं.

घरी भेटायला येणारे बोलत राहिले. पोरीच्या जातीला कशाला असले नाद, आता हिचं लग्न कसं व्हायचं. एक मामा तिच्यासमोरच म्हणाले, "बायकांना जमत न्हाई ते, अंदाजच नसतो." मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. ती मान खाली घालून ऐकत होती. आबांनी मला एकदाच विचारलं, "गाडी नीट बघितली हुतीस न्हवं?" मी हो म्हणालो.

वर्ष गेलं. तिला पुण्यात नोकरी लागली होती, आठवड्यानं जायची होती. चुलत्यांची धाकटी मुलगी नवी स्कूटर घेऊन दारात आली. "ताई, मला शिकव की."

"मला नको विचारू," बहीण म्हणाली. "मला गाडी कळत न्हाई. दादाला विचार."

ती हे रागानं म्हणाली नाही. अगदी साधेपणानं, खरं असल्यासारखं म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला शेताकडं घेऊन गेलो आणि विहिरीपाशी सगळं सांगितलं. गाठ, नवा रंग, फोन. ती ऐकत राहिली. डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं दाबत होती.

"वरीसभर मी त्ये वळण घेतीय," ती शेवटी म्हणाली. "झोपताना रोज. ब्रेक लवकर दाबला का, नजर कुठं हुती, हात ताठ धरले का. रोज माझीच चूक सापडायची. आन् तुला म्हाईत हुतं."

"चाचा म्हणाले, त्यानंच झालं आसं सांगता येत न्हाई..."

"गाडीचं सोड," ती म्हणाली. "मामा बोलत हुते तवा तू तिथंच बसला हुतास."

ती रडली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "आबांना तू सांग. मी सांगणार न्हाई."

मी सांगितलं. आबा उठून तिच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि पुढं बरेच दिवस मी गावी आलो की जेवताना ते पाठ करून बसायचे.

लाल गाडी मी भंगारात घातली. धड असलेले पार्टसुद्धा कुणाला विकले नाहीत. पुण्याला जाऊन एकदा तिला विचारलं, तुला परत जायचंय का ट्रॅकवर, लहान गाडी घेऊ, तुला पाहिजे ती घेऊ. ती रिक्षाची वाट बघत होती. "मला आता भ्या वाटतं दादा," ती म्हणाली. "गाडीचं न्हाई. मला कळतंय का न्हाई ह्याचंच." मग रिक्षा आली आणि ती गेली.

दर रविवारी मी गावी असतो तेव्हा ती आईला फोन करते. बोलून झालं की आई मला हाक मारते, ती लाईनवर हाय म्हणते. मी फोन घेतो. ती विचारते कसा हायस, मी विचारतो हात दुखतो का, ती म्हणते बरा हाय. मग कामाचं, पावसापाण्याचं थोडं बोलतो. ती कधीच वाकडं बोलत नाही. परक्या माणसाशी आपण जितकं नीट बोलतो, तितकं नीट ती माझ्याशी बोलते.