यंत्राला थांबवण्याचा अधिकार

विश्राम सोहोनी पुण्याचा असूनही त्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. हा दोष इतका दुर्मीळ, की लग्न ठरताना मेधाच्या घरच्यांनी त्याचं मूळ गाव दोनदा विचारून घेतलं होतं. सतरा वर्षं सिडनीत काढूनही दोष बरा झाला नाही. उलट तिथे ‘नो वरीज’ हे दोन शब्द त्याला सापडले आणि दुखणं कायमचं झालं. वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या त्याच्या गॅरेजमध्ये तीन कुटुंबांचे सोफे होते. त्यांतला एकही त्याचा नव्हता. गाडी रस्त्यावर उभी असे. ती तरी घरी कुठे असायची? आसपासच्या मराठी माणसांना विमानतळावर सोडायला तीच जायची. न्हावी “अजून बारीक?” असं विचारायचा, विश्राम मान हलवायचा, आणि महिन्यातून एकदा छप्पन्न वर्षांचा हा गृहस्थ सैन्यभरतीला निघाल्यासारखा दिसायचा.

अशा माणसाचा पोटापाण्याचा धंदा मात्र दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा होता. जवळच्याच पॅरामॅटातल्या एका बावीस माणसांच्या कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासत असे. नजर घारीची आणि जीभ गोगलगायीची. एकदा अख्खी यंत्रणा कोलमडली, तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘सवडीने पाहावे. कदाचित माझ्याच समजण्यात चूक असेल.’ ऑफिसातल्या पोरांना अनुभवाने कळलं होतं, की विश्रामकाका ‘सवडीने’ म्हणाले की आग लागलेली आहे आणि ‘कदाचित’ म्हणाले की दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेली आहे.

या कंपनीचं यंत्र नोकरीचे अर्ज वाचायचं आणि उमेदवारांची क्रमवारी लावायचं. सर्वांत मोठं गिऱ्हाईक युरोपातल्या रॉटरडॅमचं. त्यांची मोठमोठी गोदामं होती आणि त्यांना सतत माणसं लागायची. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात युरोपने कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा केला.

“पण आपण ऑस्ट्रेलियात आहोत,” विश्राम म्हणाला.

“मेट, यंत्र कुठे बसलंय ते कायदा बघत नाही,” शार्दूल म्हणाला. शार्दूल कंपनीचा मालक. मूळचा डोंबिवलीचा, वय चाळीस. सोळा वर्षांनी मोठ्या माणसाला ‘मेट’, म्हणजे मित्रा, म्हणायला आणि अरे-तुरे करायला तो इथेच शिकला होता. “त्याचा निकाल युरोपात वापरला, की आपण कायद्यात आलो. त्यातून आपलं काम नोकरभरतीचं, म्हणजे जास्त जोखमीचं. कागदपत्रं हवीत, नोंदी हव्यात, युरोपात आपला प्रतिनिधी हवा.”

मग बातमी आली, की कायद्याची तारीख पुढे जाणार. शार्दूलने केक आणला. केक संपायच्या आत रॉटरडॅमचा मेल आला: तारीख जाईल तिकडे जाऊ दे, आम्हाला सगळं आत्ताच हवं.

एकशे चाळीस पानांची फाइल तयार झाली आणि एका पानावर अडली. त्या पानावर लिहिलं होतं, की यंत्रावर एका जिवंत माणसाची देखरेख हवी. त्याला यंत्र समजलेलं असावं, यंत्राचा निर्णय त्याला फिरवता यावा आणि वाटेल तेव्हा त्याला यंत्र थांबवता यावं.

“असा माणूस आणायचा कुठून?” शार्दूलने मीटिंगमध्ये विचारलं आणि विश्रामकडे पाहिलं. पुढचं सांगायला नको.

मेधाला हे कळलं तेव्हा ती कणीक मळत होती. “तुला? थांबवायला?” तिने हात धुतले आणि शांतपणे खुर्चीवर बसून मनसोक्त हसून घेतलं. “अरे, गेल्या रविवारी तो सोलरवाला दारात आला, त्याला तू थांबवू शकला नाहीस. चहा दिलास त्याला! आपल्या छपरावर आधीच सोलर आहे, विश्राम.”

“उन्हात उभा होता गं बिचारा.”

“आता ते यंत्र उन्हात उभं आहे असं समजू नकोस म्हणजे झालं.”

विश्रामने मात्र हे काम मनावर घेतलं. रोज सकाळी नऊला तो यादी उघडायचा आणि यंत्राने लावलेला क्रम वाचायचा. यंत्राचं म्हणणं त्याला पटायचं. त्याला सगळ्यांचंच पटायचं. दोन महिन्यांत त्याने एकोणिसशे अर्ज पाहिले आणि एकोणिसशे वेळा ‘मान्य’ दाबलं.

शार्दूल घाबरा झाला. “मेट, एकदा तरी नाही म्हण! रॉटरडॅमच्या तपासनीस बाई गुरुवारी नोंदी बघणार आहेत. ही देखरेख नाही, हा मुजरा आहे!”

सोमवारी अर्ज क्रमांक सत्तावीस समोर आला. नावं झाकलेली असत. कोणी बाई होती. अकरा वर्षं तिने गोदामात पाळी सांभाळली होती आणि पुढची सहा वर्षं रिकामी होती. तळाशी एक ओळ होती: वडील अंथरुणाला खिळले होते, ते गेले, आता मी कामावर यायला तयार आहे. यंत्राने रिकामी वर्षं मोजली, ती ओळ ओलांडली आणि बाईंना चाळिसांत अडतिसावं बसवलं.

विश्रामने ती ओळ तीनदा वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी विरुद्ध बटण दाबलं. पडदा लाल झाला. ‘थांबवले.’ त्याने बाईंना चौथ्या जागी नेलं, कारण लिहिलं आणि कॉफी प्यायला खाली गेला.

पण जातीचा तपासनीस तो. मंगळवारी त्याने रॉटरडॅमला पोचलेली यादी उघडून पाहिली. बाई अडतिसाव्याच होत्या. त्याने खोटे अर्ज घालून पुन्हा करून पाहिलं. तीनदा. मग चिन्मयीला दोन ओळी पाठवल्या: ‘थांबवण्याचं बटण सवडीने पाहावं. कदाचित माझंच चुकत असेल.’

चिन्मयी जागेवरून धावतच आली. सत्तावीस वर्षांची, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली. बटणाचा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता.

“काका, तुमचं चुकत नाहीये,” ती हळू आवाजात म्हणाली. “यादी तयार झाली की लगेच जाते. तुम्ही नऊला येता तेव्हा ती तिथे पोचलेली असते. तुमचं बटण फक्त इथला पडदा बदलतं आणि नोंद करतं. मी विचारलं होतं. शार्दूल म्हणाला, आधी नोंद होऊ दे, बाकीचं नंतर.”

“नंतर म्हणजे?”

“सहा आठवडे लागतील. आणि मीटिंग परवा आहे. काका, रॉटरडॅम गेलं तर निम्मी माणसं जातील. माझा व्हिसा कंपनीच्या नावावर आहे.”

तिला ही नोकरी विश्राममुळेच मिळाली होती. तिच्या आईने पुण्याहून फोन करून ‘लक्ष ठेवा हो’ म्हटलं होतं आणि तो अर्थातच हो म्हणाला होता.

बुधवारी शार्दूलने सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होतं: हे यंत्र मी थांबवू शकतो.

“शार्दूल, हे जरा... म्हणजे तसं अगदी...”

“सहा आठवड्यांनी खरं होणारच आहे ना? मग आपण खोटं बोलत नाही, लवकर बोलतोय.”

“उद्या करू का सही? मीटिंगनंतर?”

“नो वरीज,” शार्दूल म्हणाला. सही पुढे ढकलणं ही विश्रामच्या दृष्टीने क्रांती होती. घरी येऊन त्याने ती मेधाला सांगितली.

“उद्या त्या बाईंना सरळ सांग, बटण चालत नाही. तीन शब्द आहेत.”

“आणि चिन्मयी?”

मेधाने त्याला ताक दिलं.

गुरुवारी पाच वाजता पडद्यावर रॉटरडॅमच्या तपासनीस बाई आल्या. तिथे सकाळचे नऊ वाजले होते. बाई भल्या होत्या आणि हवं तेवढंच विचारत होत्या. सत्तावीस क्रमांकाची नोंद पाहून त्या खूश झाल्या. “यंत्र तुम्ही थांबवलंत. छान! बटण व्यवस्थित काम करतं?”

खोलीत शार्दूल होता, चिन्मयी होती. विश्रामच्या घशात तीन शब्द तयार होते. त्याने तोंड उघडलं आणि चांगल्या इंग्रजीत म्हणाला, “मी थांबवणं आणि तिथली यादी बदलणं, यात कधी कधी थोडासा उशीर होत असावा. कदाचित माझ्याच समजण्यात काही चूक असेल.”

चिन्मयीचा चेहरा पांढराफटक पडला. शार्दूलने टेबलाची कड धरली. त्या खोलीत सगळ्यांना कळलं, की या माणसाने सगळं सांगून टाकलं. फक्त ज्यांना सांगितलं त्या दहा हजार मैलांवर होत्या आणि त्यांच्या गावात थोडासा म्हणजे थोडासाच असतो.

“किती उशीर?” बाईंनी विचारलं.

“तो...” विश्रामने चिन्मयीकडे पाहिलं. “तो वाढूही शकतो.”

“सहा आठवड्यांत उशीर राहणार नाही!” शार्दूल ओरडला. हे खरंच होतं.

“उत्तम,” बाई लिहीत म्हणाल्या. “किरकोळ विलंब, सहा आठवड्यांत दुरुस्ती. इतका बारकाईने पाहणारा माणूस आम्हाला क्वचितच भेटतो.”

पडदा काळा झाला. शार्दूलने विश्रामला मिठी मारली आणि त्या मिठीतच सहीचा कागद पुढे केला. विश्रामने सही केली. चिन्मयी जागेवर जाऊन बटणाच्या कामाला लागली.

शुक्रवारी सकाळी नऊला त्याने सत्तावीस क्रमांक उघडला. गोदामातल्या जागा भरल्या होत्या. अर्ज बंद झाला होता. त्याखाली नोंद होती: ‘मानवी हस्तक्षेप: यशस्वी.’

चूक समोर होती आणि चूक दिसली की कळवायची, हे तीस वर्षांचं अंगवळणी पडलेलं काम. त्याने तक्रारीचा फॉर्म उघडला. नवीन कायद्याप्रमाणे केलेला, नीटनेटका फॉर्म. ‘देखरेखीबाबत तक्रार असल्यास संपर्क’ या रकान्यात त्याचंच नाव होतं.

त्याने फॉर्म मिटला. तोवर नवीन यादी आली होती, चौतीस अर्जांची. इकडे यायच्या आधी ती तिकडे पोचलेली होती. विश्रामने चष्मा पुसला आणि पहिला अर्ज अगदी तळाच्या ओळीपर्यंत वाचायला घेतला.