सही करून पाठवा

काकूचा फोन आला तेव्हा मी राजा घाटावर नावाड्यांच्या मागण्यांची पत्रकं वाटत होते. "काका सुटले गं," एवढंच ती म्हणाली. त्याला महिना होऊन गेला, पण आमच्या दूधविनायकच्या गल्लीत भेटेल तो अजून हेच ऐकवतो... काशीत मरण आलं, भाग्यवान माणूस, मुक्त झाला. स्पष्ट लिहिते, राग आला तर येवो. काकांना मुक्ती नको होती. त्यांना एक क्रँकशाफ्ट हवा होता, मागच्या टोकाला सहा भोकं असलेला. तो मिळाला नाही, आणि का मिळाला नाही हे या घरात फक्त मला ठाऊक आहे.

काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आमच्या घराण्यात सगळे भिक्षुक, नाहीतर मास्तर. नखांत काळं तेल घेऊन पानावर बसणारे हे एकटेच. त्यांची जुनी निळी गाडी लहुराबीरला कलीमचाचांच्या गॅरेजात उभी असे, कारण आमच्या गल्लीत सांड शिरतो, गाडी शिरत नाही. इंजिन बंद पडलं, चाचांनी ते उघडलं, आणि ते तुकड्यातुकड्यांनी आमच्या पुढच्या खोलीत आलं. पिस्टन खालीवर होतात, त्याचं फिरणं करून चाकांकडे धाडतो तो क्रँकशाफ्ट. काकांनी तो छताच्या कडीला टांगला आणि हातोडीनं हलकेच ठोकला. "ऐक," मला म्हणाले, "धड असता तर घंटेसारखा वाजला असता. हा फुटक्या मडक्यासारखा वाजतोय. तडकलाय." तेव्हापासून एकच ध्यास, दुसरा मिळवायचा आणि इंजिनाचा आवाज पुन्हा एकदा ऐकायचा.

त्यावरचा नंबर गंजून गेलेला. कानपूरपासून कोलकात्यापर्यंतचे भंगारवाले "हाँ हाँ, वही है" म्हणत आणि फोटो पाठवत ट्रकच्या क्रँकचा. खोटं बोलायला लाज नाही या बाजाराला. त्यातच काचबिंदूनं काकांची नजर गेली. मग ते बोटांनी ओळख पटवू लागले. प्रत्येक भोकात बोट घालून मोजायचे. "सहा. चारवाला आधीच्या मॉडेलचा. तो फुकट दिला तरी नको."

शेवटी काकांनी बोटांनी मोजून सांगितलेली मापं मी कोलकात्याच्या एका विक्रेत्याला कळवली, आणि त्यानं ती टिपून मापांचा कागद फोनवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सही करके भेजिए'. मला सभेला उशीर होत होता. घरात मराठीच बोलायचं हा काकांचा दंडक, म्हणून घाईघाईनं मराठी केलं, "सही करून पाठवा म्हणतोय." हिंदीत सही म्हणजे बरोबर, हे मला कळत नाही? जन्म इथलाच माझा. पण मराठीकडे तोंड वळवलं की तो शब्द आपोआप दस्तखत होतो...

"मापं बघितलीस ना?" काकांनी विचारलं.

"हो, सगळं तेच आहे."

बघितली नव्हती. कागद छापून आणला, त्यांचं बोट जागेवर टेकवलं, आणि त्यांनी ओळ न सोडता सुरेख सही केली.

पेटी आली. कलीमचाचांनी गोणपाट बाजूला केलं आणि टोकाची भोकं मोजली. मग म्हणाले, "ई आपकी गाड़ी का नाहीं हौ, पंडितजी. चार छेद हौ." मी विक्रेत्याला फोन लावून फैलावर घेतलं, ग्राहक न्यायालयात खेचीन म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, "मैडम, हमने तो लिखा था, सही करके भेजिए. ग़लती थी तो सुधार देतीं. आप तो दस्तखत करवाके भेज दीं." कागद काढून पाहिला, त्यावर भोकं चारच लिहिली होती. मी फोन बंद केला, पण तोंड बंद केलं नाही, काकांसमोर त्याला लबाड म्हणतच राहिले.

"त्याला नको बोलूस," काका म्हणाले. "माझंच मोजायचं चुकलं असेल. आता बोटंही गेली म्हणायची..."

मी गप्प बसले. चौकात उभी राहून भल्याभल्यांना जाब विचारणारी मी. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. त्या दिवसानंतर काकांनी एकाही भागाला हात लावला नाही. कलीमचाचा आले की चहा सांगायचे आणि हवापाण्याचं बोलायचे. थंडीत अंथरूण धरलं, मग उठलेच नाहीत. आपली बोटं खोटी ठरली असं समजून गेले. याला सुटणं म्हणतात?

आडवा ठेवला तर वाकतो, म्हणून नवा क्रँक चाचांनी त्याच कडीला टांगून ठेवलाय. काल मी हातोडी घेतली आणि हलकेच ठोकला. घंटेसारखा वाजला, गल्लीत ऐकू जाईल इतका स्वच्छ. काकू आतून म्हणाली, "चांगला तर वाजतोय की गं." मी डोळे मिटले आणि एकेका भोकात बोट घालत गेले. एक, दोन, तीन, चार.