खाज थांबली, तरी गोळ्या सोडल्या नाहीत

मंडळी, आज समता कॉलोनीतल्या त्वचेच्या डॉक्टर दीदींना मनापासून हात जोडून आले.

आमचे हे सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमध्ये भट्टीजवळ काम करतात. घामानं कमरेवर गजकर्ण झालं. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली. खाज दबली, पण चट्टे सगळ्या पोटावर पसरले. आमच्या लहान पोट्टीला, लेकीला, लागण होईल म्हणून हे तिला उचलतच नव्हते.

दीदींनी पहिल्याच भेटीत ट्यूब बंद केली. "यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी वाढते." मग गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं, "बुरशीच्या आवरणात एक खास पदार्थ असतो, तो माणसाच्या पेशीत नसतो. गोळी तोच बनू देत नाही. आवरण कमजोर होऊन बुरशी मरते."

खाज गेल्यावर हे म्हणाले, "आता काहून खाऊन राहिलो गोळ्या?" मी दीदींना फोन लावून दिला.

"भैया, बुरशी अजून कातडीत आहे. मी सांगेपर्यंत सोडू नका."

आज तपासून त्या म्हणाल्या, "झालं, आता बंद करा." ह्यांनी दवाखान्यातच पोट्टीला कडेवर घेतलं. घर येईपर्यंत ती खाली उतरली नाही.

तुमच्या घरात अशी ट्यूब कोणी लावून राहिलं का? त्यांना डॉक्टरकडे न्याल ना?