ग्रेसियानाच्या घरची जाहीर सभा

आता काय, कायदाच बदलला. सल्लागार समित्यांवरची माणसं पायात सपाता घालून घरीच पडद्यासमोर बसतात आणि वर कुरकुरतात, की आवाज नीट येत नाही. असं कुरकुरणारं कोणी माझ्या दुकानात आलं, की मी त्याला गल्ल्यासमोर उभं करून ग्रेसियाना इरिबार्नची गोष्ट ऐकवते. आमच्या गावाचं टपालही माझ्याच दुकानात येतं. त्यामुळे गोष्ट संपेपर्यंत मला कोणाचंही पत्र सापडत नाही.

आमचं ड्रायसेज खोरं कॅलिफोर्नियात आहे, हे कॅलिफोर्नियालाच बरेचदा आठवत नाही. जिल्ह्याचं ठिकाण हॅलोवेल. खिंड ओलांडून जायचं, हवा चांगली असेल तर दोन तास, बर्फ असेल तर देवाचं नाव घ्यायचं. ग्रेसियाना इथलीच, स्पेन-फ्रान्सच्या डोंगरांतून आलेल्या बास्क मेंढपाळांची मुलगी, आणि बेनातशी लग्न करून मेंढपाळाचीच बायको झाली. एकतीस वर्षं तिने शाळेत स्वयंपाक केला. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचा घेवडा खाल्लाय, आणि पानात टाकला म्हणून तिचे डोळेही झेललेत. बोलायची मात्र तोलून मापून. भाषण वगैरे तिने जन्मात केलं नव्हतं.

जिल्ह्याच्या अँब्युलन्स सल्लागार समितीवर ती गेली, कारण आमच्याकडून दुसरं कोणीच जाईना. सात जणांची समिती. सहा हॅलोवेलचे, सातवी ही. दर महिन्याला खिंड ओलांडून जायची, पाठीमागच्या खुर्चीत बसायची, हात वर करायची आणि परत यायची. मग साथ आली आणि सगळेच घरून बसायला लागले. तीन वर्षं सभा पडद्यावर झाल्या, एकाचंही काही अडलं नाही. साथ संपल्यावर तिच्यासाठी लावलेली आणीबाणी उठली आणि जुना नियम परत आला: सभागृहात हजर व्हा. सबळ कारण असेल तर वर्षातून दोनदा घरून बसा, बस्स.

त्याच वर्षी मार्चमध्ये बेनात मेंढवाड्यात कोसळला. अर्धांगवायू. ड्रायसेजच्या ठाण्यावरची अँब्युलन्स अकरा मिनिटांत आली म्हणून तो वाचला. उजवी बाजू गेली आणि जिभेला गाठ बसली. एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा काढायचा. त्याची खाट पुढच्या खोलीत टाकली आणि त्या दिवसापासून त्याने घरात कोणाला येऊ दिलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मी यांच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचलेली बाई. औषधं ओसरीवर ठेवायची आणि निघायचं. ग्रेसियाना तर त्याला सोडून तासभरही हलू शकत नव्हती. दोन सबळ कारणं जूनच्या आधीच संपली.

आणि नेमकं ऑक्टोबरमध्ये समितीच्या अध्यक्षांना बचतीचा झटका आला. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर लिंडल, दातांचे निवृत्त डॉक्टर. ठराव असा: ड्रायसेजचं ठाणं बंद करावं, दोन्ही अँब्युलन्स हॅलोवेललाच ठेवाव्यात. समिती नुसता सल्लाच देते खरं, पण जिल्हा मंडळ तिचा कागद वाचल्याशिवायच सही करतं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणजे आमच्याकडे कोणी पडलं, की अँब्युलन्स दोन तासांनी येणार. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. दात कोरून पोट भरत नाही, हे दातांच्या डॉक्टरला मी कशाला सांगू?

समितीची चिटणीस यसेनिया, तरुण मुलगी. तिचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर औषधांची पिशवी घेऊन उभी होते, आणि ग्रेसियानाने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"मिसेस इरिबार्न, अजून एक वाट आहे," यसेनिया म्हणाली. "जुनीच आहे, पण कोणी वापरत नाही. तुमचं घर सभेची जागा म्हणून जाहीर करायचं. पत्ता अजेंड्यावर छापायचा. तीन दिवस आधी अजेंडा दारावर लावायचा. आणि सभा चालू असेपर्यंत घर जनतेला उघडं. कोणीही यावं, बसावं, बोलावं."

"कोणीही?"

"कोणीही. चाकांच्या खुर्चीतला माणूससुद्धा आत येऊ शकला पाहिजे. डॉक्टर लिंडल म्हणाले, हे काही त्यांना जमायचं नाही, घरात आजारी माणूस आहे. पण मी म्हटलं, सांगून तर बघते."

ग्रेसियानाने फोन ठेवला आणि आत गेली. इंटरनेट त्यांच्याकडे फक्त पुढच्या खोलीत चालतं, म्हणजे सभा तिथेच, बेनातच्या खाटेशेजारी. मी निघून जायला हवं होतं. गेले नाही. खिडकी उघडी होती.

"बेनात, लोक आत येतील," ती म्हणाली. "तुला असं बघतील. तुला नको असेल तर मी नाही म्हणून कळवते, आणि पुन्हा विषय काढणार नाही."

आत खाट करकरली. मग बेनातचा आवाज आला, सात महिन्यांनी मी पहिल्यांदा ऐकला.

"खु... खुर्च्या." मोठा श्वास. "किती?"

ग्रेसियाना बाहेर आली ती डोळे पुसतच. "नोरीन," मला म्हणाली, "तुझ्या दुकानात खुर्च्या किती आहेत?"

"सात. आणि दोन पेट्या. रडतेस कशाला? चर्चच्या चाळीस आणते."

सोमवारी सकाळी तिने अजेंडा दारावर लावला. आमच्याकडचा वारा असा, की चिकटपट्टी दुपारपर्यंत पुढच्या गावात. पण शाळेतली स्वयंपाकीण ती. मैद्याची खळ शिजवली आणि कागद असा बसवला की दार मोडेल पण तो निघणार नाही.

राहिला चाकांच्या खुर्चीचा प्रश्न. घराला तीन पायऱ्या. ओडेल स्ट्राउडचा पाय लाकडाच्या ओंडक्याखाली गेला त्याला वीस वर्षं झाली, आणि खुर्चीतूनही तो जेवढी भांडणं करतो तेवढी पायांवरचा माणूस करत नाही. तो म्हणाला, मेंढरं ट्रकात चढवायचा उतार आहे ना, तो लावा. पोरांनी मेंढवाड्यातून तो ओढून आणला, पायऱ्यांना टेकवला, आणि ओडेल ऐटीत चढायला गेला. निम्म्यावर खुर्ची थांबली आणि उलटी सुटली ती थेट कुंपणाच्या झुडपात.

"मेंढरं तर कधी तक्रार करत नाहीत," तो झुडपातून म्हणाला.

"मेंढरांना कायदा लागू नाही," मी म्हटलं. "तुला आहे. एक इंच चढाला फूटभर लांबी लागते. यसेनियाने सांगितलंय."

मग फळ्या सोडवल्या, आणखी जोडल्या, आणि पायऱ्यांपासून लिलाकच्या झाडापर्यंत बावीस फुटी उतार झाला. बुधवारी दुपारी डॉक्टर लिंडल यांनी मोजमापाचा फोटो मागवला. फोटोत ओडेल उताराच्या मधोमध बसलाय, दोन्ही हात सोडून, आणि खुर्ची जागची हललेली नाही. फोटो गेला आणि हरकत मिटली.

गुरुवारी दुपारी दोनची सभा. बारा वाजल्यापासून गाड्या यायला लागल्या. बेनातला ग्रेसियानाने दाढी करून, निळा सदरा घालून उशांना टेकवून बसवलं होतं. पहिली मी आत गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"बारीक झालास," मी म्हटलं.

"तू... ना... ही," तो म्हणाला. झालं, माझी भीड चेपली. माझ्या मागून बाकीचे शिरले. कोणी त्याच्या डाव्या हाताला हात लावला, कोणी कोकरांचे भाव सांगितले. दोन वाजेपर्यंत घरात, ओसरीवर आणि अंगणात मिळून त्रेपन्न माणसं. चुलीवर लसणाच्या सुपाचं सगळ्यात मोठं पातेलं, शाळेतलं, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं.

पडद्यावर हॅलोवेलचं सभागृह दिसलं. सहा सदस्य, यसेनिया, आणि मागे एक म्हातारा, तोही बहुतेक ऊब मिळावी म्हणून आलेला. डॉक्टर लिंडल चष्मा पुसत म्हणाले, "मिसेस इरिबार्न, नियमाप्रमाणे विचारतो. तुमच्या जागी जनतेपैकी कोणी हजर आहे का?"

ग्रेसियानाने कॅमेरा फिरवला. खोली, दार, ओसरी, अंगण, उतारावर ओडेल, त्याच्यामागे गाड्या. सावकाश फिरवला, घेवडा वाढताना फिरायची तसा.

"आहेत," ती म्हणाली.

बोलायला नावं दिली एक्केचाळीस जणांनी. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, प्रत्येकी एक मिनिट पुरे. यसेनिया मान वर न करता म्हणाली, "डॉक्टर, अजेंड्यावर तीन छापलंय. कागद तीन दिवस दारावर होता." तिला मी त्याच क्षणी मनातून मुलगी मानलं.

लोक बोलले. दम्याचं पोर, सापाचा दंश, खिंडीत घसरलेली शाळेची बस. ओडेलने आपल्या तीन मिनिटांत दोन मिनिटं तोंडावर आलेल्या शिव्या गिळण्यातच खर्च केली, पण काय म्हणायचं ते म्हणाला. मीही बोलले. काय बोलले ते आठवत नाही. लोक म्हणतात, सभागृहातल्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

शेवटी यसेनियाने नाव वाचलं, "बेनात इरिबार्न."

तो बोलणार हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्रेसियानालाही नाही. ओडेलकडून त्याने गुपचूप नाव लिहवून घेतलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू झालं आणि बेनातचे ओठ हलायला लागले. शब्द येईना. अंगणातली माणसं दारात गोळा झाली. एक मिनिट गेलं.

"पड... लो," तो म्हणाला. "मेंढ... वाड्यात." कपाळावर घाम. "अकरा... मिनिटं."

मग पुन्हा काही नाही. डॉक्टर लिंडल खाकरले. "धन्यवाद, मिस्टर इरिबार्न, आपण—"

"पन्नास सेकंद बाकी आहेत," यसेनिया म्हणाली.

सात सदस्य, त्रेपन्न माणसं, कोणी खुर्ची हलवली नाही. ग्रेसियानाचा हात त्याच्या खाटेच्या कडेवर होता, पण तिने त्याला शब्द पुरवला नाही. एकतीस वर्षं पोरांना घास संपवायला लावलेली बाई ती, तिला थांबायची सवय होती.

"म्हणून," बेनात म्हणाला. घड्याळात चार सेकंद उरले होते. "आ... हे."

मी रडले. सांगायला लाज कसली?

डॉक्टर लिंडल यांनी ठराव वाचला. ठाणं बंद करण्याची शिफारस. "अनुमोदन कोण देतंय?" त्यांनी उजवीकडे पाहिलं, नेहमी त्यांना अनुमोदन देणाऱ्या बाईकडे. ती पाण्याच्या पेल्यात बघत होती. डावीकडे पाहिलं, तो माणूस पेन्सिलीला टोक करत होता. कोणीही हात वर केला नाही. अनुमोदनाशिवाय ठरावावर मतदानसुद्धा होत नाही, तो तिथल्या तिथे मरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मला एक ठराव मांडायचा आहे," ग्रेसियाना म्हणाली. कागद नाही, टिपण नाही. "ड्रायसेजचं ठाणं राहावं. आणि त्यावर रात्रंदिवस माणूस असावा."

तीन जणांनी एकदम अनुमोदन दिलं. यसेनिया म्हणाली, एकच पुरे. मग नावं वाचून मतं घेतली, आणि होय, होय, होय येत राहिलं. डॉक्टर लिंडल शेवटचे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "होय." माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे कधी आला नव्हता, एवढंच.

सभा संपल्याचं जाहीर झालं तरी अंगणातून कोणी हलेना. ग्रेसियानाने सूप वाढायला घेतलं आणि ओडेलने पहिला वाडगा बेनातला नेऊन भरवला, सदऱ्यावर निम्मा सांडत.

डिसेंबरमध्ये जिल्हा मंडळाने त्या कागदावर सही केली, नेहमीसारखी न वाचता. त्या हिवाळ्यात खिंड एकोणीस दिवस बंद होती, आणि आमची अँब्युलन्स खोऱ्यात चौदा वेळा धावली. चौदाव्या वेळी तिच्यात मी होते.