वधू-वर मेळाव्यातला व्हिडिओ

तारनाक्याचा युवराज दुपारभर पडदे ओढून लोळायचा. वय सव्वीस, काम घरूनच, कॉम्प्युटरवर. बाहेर फळवाला ओरडत जाई, तो आवाज त्याला पाण्याखालून आल्यासारखा वाटे. झोप कुठली आणि जाग कुठली, तेही कळेनासं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी लागोपाठ तीन मुलींनी फोटो पाहूनच नकार कळवला, तेव्हापासून तो फोनवरच्या एका ग्रुपात रमला होता. सगळे त्याच्यासारखेच, नाकारलेले. त्यांचं म्हणणं एकच: उंची कमी, जबडा बसका, आपलं काही व्हायचं नाही, आणि दोष सगळा पोरींचा. बोलणं विषारी, खरंय. पण ताप आला तर विचारपूसही तेच करायचे. माणूस तिथं उगाच जातो होय?

आई, भामाबाई, हात धुऊन मागे लागली आणि त्याला जामबागेतल्या वधू-वर मेळाव्याला घेऊन गेली. ग्रुपची लगेच फर्माईश आली, पोरींचे व्हिडिओ पाठव, हसू जरा.

परिचय मराठीतच द्यायचा, हा मेळावा भरवणाऱ्या मंडळाचा दंडक. आणि तेलुगू मुलखात वाढलेल्या इथल्या पोरांचं मराठी म्हणजे अर्धं दखनी उर्दू, अर्धं तेलुगू! गौरी नावाची मुलगी मंचावर आली, "मेरेकू... मला..." म्हणून अडखळली आणि पार ओशाळली. युवराजनं ते फोनवर टिपलं. आयतंच घबाड.

पाठवणार, तोच त्याचं नाव पुकारलं. तो तरंगतच वर गेला. पंखे संथ फिरत होते आणि समोर रांगेनं फोन वर धरलेले. गावाकडच्या नातेवाइकांना दाखवायला लोक व्हिडिओ काढतातच. पण युवराज एकेक फोन न्याहाळू लागला. यातला आपल्यासारखा, हसण्यासाठी टिपणारा, कोण असेल? त्याची वाचाच बसली. पहिल्या रांगेतून गौरी हळूच म्हणाली, "आधी नाव सांगा. मीपण घाबरले होते."

त्यानं कसंबसं नाव सांगितलं. खाली येऊन तो व्हिडिओ पुसला आणि ग्रुपला कळवलं, पाठवणार नाही.

शिव्यांची लाखोली वाहून पाच मिनिटांत त्याला ग्रुपातून काढून टाकलं. सुटल्यासारखं वाटावं ना? छे, त्याला रडूच आलं.

भामाबाईनं विचारलं, ती गौरी आवडली का.

"लग्नाचं राहू दे, आई," तो म्हणाला. "मला एकसुद्धा मित्र नाही गं."

भामाबाई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.